उद्याचं कॅबिनेट आणि बंगळुरूची हवा

बंगळुरूचा सदर पत्रप्पा रोड टाउन हॉल आणि सिटी मार्केटच्या परिसरात आहे. पूर्ण नाव पाटीवर राहिलं, बोलण्यात तो एसपी रोड. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जे मिळतं ते इथे मिळतं: केबल, रॅम, जुने मॉनिटर, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि संगणकाची पेटी म्हणजे कॅबिनेट. एखाद्या कॅबिनेटची बाजू काचेची, एखाद्याचं तोंड जाळीचं, एखाद्यात रंग बदलणारे पंखे. पण कुठलंही उघडून बघा. मदरबोर्डाचे स्क्रू ठरल्या जागी, मागच्या बाजूला पोर्टांसाठी साधारण सोळा बाय साडेचार सेंटिमीटरची तीच खिडकी, एसएमपीएसचा खणही त्याच मापाचा. बाहेरचा थाट दर दिवाळीला बदलतो, आतला सांगाडा १९९५ सालचा आहे.

त्या वर्षी इंटेलने एटीएक्स हे माप जाहीर केलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, भोकं इथे, पोर्ट तिथे. त्यामुळे तैवानमधला बोर्ड, चीनमधलं कॅबिनेट आणि तिसऱ्याच कुणाचा एसएमपीएस एसपी रोडवरच्या टेबलावर अर्ध्या तासात एकमेकांत बसू लागले. असेंबल केलेला पीसी स्वस्त पडतो तो या भोकांमुळे. म्हणूनच भविष्यातले संगणक गोल, त्रिकोणी किंवा फुलदाणीच्या आकाराचे दाखवणारी चित्रं पाहिली की मला पहिला प्रश्न पडतो तो स्क्रूंचा. दुसरा पडतो उष्णतेचा, आणि तो जास्त अवघड आहे.

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो. ५०० वॅटचं मशीन म्हणजे खोलीत ठेवलेला ५०० वॅटचा हीटरच. ही उष्णता नेण्याचं काम हवेचं. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत फक्त १० अंशांनी तापू द्यायची असेल, तर समुद्रसपाटीला दर सेकंदाला सुमारे ४१ लिटर हवा पेटीतून जायला हवी. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी, म्हणून हवा तेवढीच विरळ. पंख्याला याचा पत्ता नसतो. तो तितक्याच वेगाने तितकेच लिटर ढकलतो, पण त्या लिटरांत हवाच कमी असते. त्याच ५०० वॅटसाठी इथे दर सेकंदाला ४६ लिटर लागतात.

यावर बंगळुरूकरांनी हळहळण्याचं कारण नाही. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक मशीनची स्वतःची भर. विरळ हवेमुळे ती भर चाळीस अंशांवरून चव्वेचाळीसच्या आसपास जाते, पण नागपूरच्या मे महिन्यात खोलीच दहा-बारा अंशांनी जास्त तापलेली असते. इथलं खरं दुखणं धूळ. मेट्रोचं काम, खणलेले रस्ते, चढणारे मजले. पंखा हवा ओढतो तशी धूळही ओढतो, आणि काही महिन्यांत चिपची उष्णता पसरवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या लोकरीचा थर बसतो.

मग पंखाच नको म्हटलं तर? हा प्रयोग अॅपलने जुलै २००० मध्ये केला. पॉवर मॅक जी४ क्यूब हा आठ इंचांचा घन पारदर्शक अॅक्रिलिकच्या आवरणात जणू तरंगत होता. खालून थंड हवा आत यायची, तापून वरच्या जाळीतून बाहेर पडायची. कल्पना सुरेख होती, फक्त जाळी नेमकी अशा जागी होती जिथे माणसं सवयीने कागद ठेवतात. किंमत जास्त, वाढवायला वाव कमी. वर्षभरात उत्पादन थांबलं आणि क्यूब न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसला.

२०१३ चा मॅक प्रो त्याहून बोलका. काळा, चकचकीत दंडगोल, उंची २५ सेंटिमीटर. मधोमध त्रिकोणी धातूचा गाभा, त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, उरलेल्या दोन बाजूंना एकेक ग्राफिक्स प्रोसेसर, माथ्यावर एकच मोठा पंखा. तिन्ही बाजू साधारण सारख्या तापतील या गृहीतकावर तो आकार उभा होता. जग मात्र एकाच अवाढव्य ग्राफिक्स कार्डाकडे गेलं. त्रिकोणाच्या एकाच बाजूला एवढी उष्णता झेपेना, आणि दंडगोलात नवी बाजू काढायला जागाच नव्हती. २०१७ मध्ये अॅपलच्या वरिष्ठांनी पत्रकारांना बोलावून हे मान्य केलं. २०१९ मध्ये नवा मॅक प्रो आला, तो पुन्हा उभी आयताकृती पेटी होऊन.

आकार चुकला असं मी म्हणणार नाही. उष्णता कुठून येणार याचा अंदाज चुकला, आणि विचित्र आकारात तो अंदाज कायमचा गोठून जातो. चौकोनी टॉवरमध्ये निम्मी जागा रिकामी असते म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण पुढची चूक पोटात घालायला तीच जागा उपयोगी पडते. खुद्द इंटेललाही हा धडा मिळाला. त्यांचा पेंटियम ४ प्रोसेसर फार तापू लागला तेव्हा हवेला सरळ वाट देणारं बीटीएक्स नावाचं नवं माप त्यांनी आणलं. २००४ मध्ये बोर्ड बाजारात आले, आणि दोनच वर्षांत इंटेलने स्वतःच कमी तापणारे प्रोसेसर काढल्यावर बीटीएक्सची गरज संपली. एटीएक्स तिथेच राहिलं.

एकदा मात्र वेगळा आकार भौतिकशास्त्रानेच मागितला होता. १९७६ चा क्रे-१ हा महासंगणक वरून पाहिला तर इंग्रजी 'सी' अक्षरासारखा दिसायचा. विजेचा संदेश एका नॅनोसेकंदात फार तर ३० सेंटिमीटर जातो, तारेत त्याहूनही कमी. म्हणून सेमूर क्रे यांनी कपाटं वळवून घेतली आणि सगळ्या तारा आतल्या पोकळीत ठेवल्या. सर्वांत लांब तारही सव्वा मीटरच्या आत राहिली. बाहेरच्या कडेने गादीचं बाकडं होतं आणि त्याखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा. आजच्या पाच गिगाहर्ट्झच्या चिपला सव्वा मीटर म्हणजे परदेश. तिच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा सहाच सेंटिमीटर जातो. म्हणून आता मेमरीच प्रोसेसरला चिकटून बसू लागली आहे, अन् तारांमुळे पेटीला आकार येण्याचे दिवस सरले. उरले वॅट.

इथे बंगळुरूचा स्वतःचा अनुभव आठवतो. एप्रिल २००१ मध्ये सिंप्युटर पहिल्यांदा लोकांसमोर आला. भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांचं हे काम. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही वापरता यावा असा, हातात मावणारा, भारतीय भाषांत बोलून दाखवणारा, लिनक्सवर चालणारा संगणक. आतली स्ट्राँगआर्म चिप २०६ मेगाहर्ट्झची आणि अर्ध्या वॅटहून कमी खाणारी. पंखा नाही, जाळी नाही, हवेच्या वाटेचा विचारच नाही. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला अमिडा सिंप्युटर आला, त्यात मनगट झटकलं की पान उलटायचं. आयफोन यायला तेव्हा तीन वर्षं होती. विक्री अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर २००५ मध्ये एन्कोरने वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या साहाय्याने मोबिलिस आणला. किंमत दहा हजारांपासून पुढे. टचस्क्रीन आणि गुंडाळून ठेवता येणारा कीबोर्ड असलेल्या या यंत्राला 'फिरता डेस्कटॉप' म्हटलं गेलं. डेस्कटॉपला पेटी हवीच असं नाही, हे इथल्या लोकांनी वीस वर्षांपूर्वीच करून दाखवलं होतं. ते जमलं कारण चिप थंड होती.

आज एसपी रोडवर एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे एकटं ग्राफिक्स कार्ड ५७५ वॅट घेतं. सिंप्युटरच्या चिपच्या हजारपटीहून जास्त. म्हणून भविष्यातलं कॅबिनेट असा एकच आकार असेल असं मला वाटत नाही. दोन वेगळ्या जाती होतील.

थंड जातीला कुठलाही आकार चालेल, आणि बहुधा ती दिसेनाशीच होईल. रास्पबेरी पाय ४०० हा २०२० चा संगणक कीबोर्डातच मावला. आत जवळजवळ कीबोर्डाएवढा धातूचा पत्रा उष्णता पसरवतो. १९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये आलेला बीबीसी मायक्रो ज्यांनी वापरला, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. तोही कीबोर्डातच होता. २०२४ चा मॅक मिनी पाच इंच चौरस आणि दोन इंच जाड आहे. ऑफिसची कामं, शाळा, बँकेचा काउंटर, सगळं यात भागतं. या जातीत आकाराची चर्चा म्हणजे रंगाची चर्चा.

तापट जातीचं गणित मात्र मांडून बघण्यासारखं आहे. समजा पोटात २० लिटर जागा हवी आणि पंखा अजिबात नको. चित्रांत आवडीने दाखवतात तो गोल घेतला तर व्यास ३४ सेंटिमीटर, पृष्ठभाग ०.३६ चौरस मीटर. घनाचा ०.४४. आणि तेवढीच जागा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दोन सेंटिमीटर जाड अशा पाटीत पसरली तर पृष्ठभाग दोन चौरस मीटरच्या वर. खोलीपेक्षा वीस अंशांनी गरम असलेला पृष्ठभाग नुसत्या हवेने आणि प्रारणाने ढोबळमानाने दर चौरस मीटरला २०० वॅट टाकतो. म्हणजे गोल ७० वॅटला दमला, घन ९० ला, आणि पाटी ४०० वॅट हसत टाकेल. कमीत कमी पृष्ठभागात जास्तीत जास्त जागा कोंडणं हाच गोलाचा गुण, आणि इथे तोच त्याचा अवगुण. गोल संगणकाची चित्रं काढणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी करावं.

माझी पैज म्हणून भिंतीवरच्या पाटीवर. भिंतीपासून चार बोटं पुढे, उभी, मागून हवा वर सरकेल अशी. चिपची उष्णता सगळ्या पत्र्यावर पसरायला हीट पाइप लागतील. त्यांच्या आत थोडा द्रव असतो, तो चिपजवळ उकळतो, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते, आणि नळीच्या आतल्या जाळीतून परत येते. लॅपटॉपमध्ये हे रोज घडतं.

दुसरा पर्याय माठाचा. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतं. शंभर वॅटचं मशीन दिवसरात्र चाललं तर दिवसाला सुमारे साडेतीन लिटर पाणी लागतं. मार्चच्या कोरड्या दुपारी बंगळुरूत हे उत्तम चालेल. जुलैच्या दमट हवेत माठ रुसेल, आणि मार्च २०२४ च्या पाणीटंचाईत टँकरची वाट पाहिलेल्या घरांना संगणकाला पाणी पाजा असं सांगायला मी जाणार नाही.

पाटीत अडचणी आहेतच. एटीएक्स बोर्डावर ग्राफिक्स कार्ड काटकोनात उभं राहतं. दोन सेंटिमीटरच्या जाडीत ते मावत नाही, त्याला बोर्डाला समांतर निजवावं लागतं आणि जोडणीसाठी लवचिक केबल द्यावी लागते. एसएमपीएस बाहेर काढावा लागेल, लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखा. आणि भोकांचं नवं माप कुणीतरी ठरवावं लागेल. बंगळुरूत एएमडीचं जगातलं सर्वांत मोठं डिझाइन केंद्र आहे, इंटेल आणि एनव्हिडियाचे हजारो इंजिनिअर आहेत, आणि शहराच्या वायव्येला पीण्या भागात पत्रा कापून वाकवून देणारी वर्कशॉप आहेत. चिप इथे आखली जाते, कॅबिनेट मात्र बहुतेक चीनमधून येतं. पाटी बनवण्यासाठी जे लागतं ते सगळं एका शहरात आहे, फक्त एका टेबलाशी आलेलं नाही.

एक मीटरच्या पाटीने ४०० वॅट जातात, पण चिपखालचा भाग जास्त तापतो आणि पत्रा सगळीकडे सारखा गरम होत नाही, म्हणून प्रत्यक्षात ३०० धरावेत. बहुतेकांचं काम त्यात होईल. ५७५ वॅटचं कार्ड हवं असणाऱ्यांना निदान दोन पाट्या टांगाव्या लागतील, नाहीतर पंखा लावावा लागेल. पंखा आला की जाळी आली, आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअर घेऊन बसणंही आलं.