गाळा एक, माणूस एक, सॉफ्टवेअर कोणतं?

भोसरी, तळवडे किंवा चाकणचा एखादा गाळा. एक व्हीएमसी, एक ऑपरेटर आणि मालक. ऑर्डर आणणं, टेम्पोत माल भरणं, बिल करणं, वसुलीला फोन लावणं, सगळं मालकाच्याच गळ्यात. अशा माणसाला सॉफ्टवेअर विकायला येणारे पुष्कळ, आणि त्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी त्याहून जास्त.

सगळ्यात पक्का समज असा, की मोठ्या कंपनीचं काम घ्यायचं तर आपल्याकडेही ईआरपी हवं. कंपनीला तुमच्याकडून चलन नीट हवं असतं, बिल बरोबर हवं असतं आणि त्यावर पीओ नंबर हवा असतो. ते कशावर बनवलं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

जॉबवर्कमध्ये, म्हणजे कंपनीच्याच मालावर काम करून देण्यात, पैशांच्या आधी नगांचा हिशेब येतो. समजा, चलनावर 500 कास्टिंग आली. 180, 200 आणि 95 अशा तीन खेपांत परत गेली. उरली 25. त्यातली 14 ब्लोहोलची, म्हणजे फाउंड्रीचा दोष. 6 आपल्या मशीनवर बिघडली. मग 5 नग कुठे आहेत? त्यांचा पत्ता लागला नाही तर डेबिट नोट ठरलेली. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम 143 मुळे जॉबवर्कला दिलेल्या मालाचा हिशेब कंपनीला वर्षाच्या आत लावावा लागतो, त्यामुळे तिचा स्टोअरवाला पाठ सोडत नाही. साधं बिलिंग ॲप हे 5 नग दाखवतच नाही. एक्सेलमध्ये दर आवक चलनाला एक ओळ आणि पुढे खेपांचे, रिजेक्शनचे रकाने केले, तर दिसतात. चलनं मोजकी असतील तर एक्सेलला जुनाट म्हणून हिणवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

टॅली घेतलं की झालं? टॅलीत जॉबवर्कच्या आवक-जावकीची सोय आहे, पण ती सुरू करावी लागते आणि रोज भरावी लागते. महिन्यातून एकदा येणारा अकाउंटंट बिलं चढवून निघून जातो.

भीती घालूनही बरंच विकलं जातं. ई-इन्व्हॉइसची सक्ती 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना आहे. ऑडिट ट्रेलचा, म्हणजे हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याचा, 1 एप्रिल 2023 पासूनचा नियम कंपनी कायद्याखालचा. प्रोप्रायटरला तो लागू नाही. विक्रेता हे आपणहून कशाला सांगेल?

‘चलनाचे फोटो व्हॉट्सॲपवर आहेत, तेवढं पुरे’ हा मात्र आपला आपणच करून घेतलेला गैरसमज. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. तेवढ्या काळात फोन दोनदा तरी बदलतो.

डेमोवाल्याला गुरुवारी बोलवा, एमआयडीसीला सुट्टी असते. त्याची तयार उदाहरणं बाजूला ठेवून आपलं सगळ्यात किचकट चलन त्याच्याकडूनच भरून घ्या, आणि नंतर सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून दाखवायला सांगा.