साठीच्या घराला नवा साज

तालुक्याच्या गावी बाजारपेठ मागे टाकून थोडे आत वळले, की एका ठरावीक घाटाची घरे दिसतात. वर कौले नाहीत, सपाट स्लॅबची गच्ची. खिडक्यांवर लांब सरळ छज्जा. जिन्याला सिमेंटची जाळी, आत ठिपक्याठिपक्यांची मोझेकची फरशी, दारे-खिडक्या सागवानी. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ही घरे उठली. कुणी शाळामास्तरांनी फंडाच्या पैशातून बांधली, कुणी ऊसवाल्याने दोन हंगाम चांगले गेले म्हणून. त्याच काळात, १९५१ पासून, ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी पिअर जनरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे चंडीगडचे नवे शहर उभारत होते. तिथल्या साध्या सरकारी घरांतही उघड्या विटा, जाळ्या आणि ऊन अडवणारे छज्जे हाच थाट होता. आपल्या गवंड्याने काही चंडीगड पाहिले नव्हते. पण सरळ रेघ आणि बेताची नक्षी हे त्या काळाचे वळणच होते, ते त्याच्याही हाताला लागले.

ही घरे आता साठी ओलांडून गेली आहेत. पोरेबाळे कमावती झाली, घर नवे करू म्हणतात. मग मंडळी आधी कुठे जातात? फरशीच्या दुकानात! तिथे आरशासारखी लादी दिसते, शेजारी रंगाचे शंभर नमुने, आणि घराला काय झाले आहे हे पाहण्याआधीच काय घालायचे ते ठरून जाते. आज मला सांगायचे आहे ते याच्या उलट. घरात मुळात कोणता माल आहे आणि तो कोणते काम करतो आहे, हे आधी ओळखा. नवा माल त्याच्याशी नांदणारा निवडा.

त्या काळी सिमेंट आजच्यासारखे हवे तेव्हा दुकानात मिळत नसे. परमिट लागे. हे नियंत्रण १९८२ साली काही प्रमाणात आणि १९८९ साली पुरते उठले. त्यामुळे जुना गवंडी सिमेंट जपून वापरी: स्लॅबला सिमेंट, पण भिंतीच्या दर्जात आणि गिलाव्यात पुष्कळदा घाणीवर मळलेला चुना. एकाच घरात दोन जातींचा माल. म्हणून अशा घराला सरसकट एकच औषध चालत नाही.

सुरुवात गच्चीपासून करा, कारण वरून पाणी उतरत असेल तर खालचा सगळा खर्च वाया. छताचा गिलावा काठीने हलकेच ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला, किंवा सळीच्या रेषेत तांबूस चीर दिसली, तर आतली सळी गंजते आहे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काँक्रीट ताजे असते तेव्हा त्यात चुन्याचा अल्कधर्म भरपूर असतो आणि त्याच्या कुशीत लोखंड गंजत नाही. पण हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत राहतो आणि तो अल्कधर्म मारत जातो. मग ओल आली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, फुगतो, आणि खालचा पोपडा ढकलून पाडतो. पाळण्यातल्या मुलावर पोपडा पडला तर काय होईल, ते सांगायला नको.

शिक्षक बंधुभगिनींना हा गुण वर्गात दाखवता येईल. प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब काँक्रीटच्या ताज्या फुटलेल्या तुकड्यावर टाका. गुलाबी रंग आला तर अल्कधर्म शिल्लक आहे. रंग आला नाही तेवढ्या थरातले राखणदार गेले असे समजा.

अशा छतावर नुसता गिलावा थापणे किंवा खाली शोभेचे खोटे छत बांधणे म्हणजे जखमेवर शेला पांघरणे. सुटलेले काँक्रीट काढावे लागते, सळी मागच्या बाजूनेसुद्धा घासून चकचकीत करावी लागते, गंजरोधक थर द्यावा लागतो आणि मग दुरुस्तीचा खास मसाला भरावा लागतो. सळी बरीच झिजली असेल तर हे काम गवंड्याचे नव्हे. स्थापत्य अभियंत्याला बोलवा. त्याच्या फीपेक्षा त्याचा सल्ला स्वस्त पडतो.

गच्चीवर जुना कोबा गळतो म्हणून त्यावरच दुसरा कोबा चढवतात, हीही घातक रीत आहे. चार इंच जाडीच्या वीटकोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी आजचे भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरते. म्हणजे नवा कोबा एकटाच माणसांच्या वाटच्या भाराहून अधिक झाला. जुना गेलेला थर काढा, उतार नीट करा, पन्हळी मोकळ्या करा, मग नवा थर द्या. वर पांढरी चुनाफक्की फासली तर ऊन परतून जाते आणि खालची खोली उन्हाळ्यात बरीच सुसह्य होते. खर्च फार थोडा.

आता भिंती. खालच्या दोन-तीन फुटांत रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरी पूड झडते. आपण म्हणतो लोणा लागला. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, पृष्ठभागाशी सुकते आणि बरोबर आणलेले क्षार तिथे सोडून जाते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, तो ही ओल बाहेर सोडतो. त्यावर घट्ट सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग चढवला, की ओलीची वाट बंद होते. ती थांबते का? नाही, आणखी वर चढते. दोन फुटांवरचा लोणा चार फुटांवर जातो आणि दोष रंगवाल्याला मिळतो.

ओल कुठून येते हे ओळखायची एक बिनखर्ची युक्ती आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूस थेंब धरले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूस धरले तर खोलीतल्या हवेतली, तिथे खिडकी उघडी ठेवणे हाच उपाय. भिंतीतली असेल तर आधी बाहेर पाहा. जोत्यालगत माती चढली आहे का, मोरीचे पाणी तिथेच मुरते का, गच्चीची पन्हळ भिंतीवर तर ओतत नाही? हे बंद केल्यावर भिंत एक उन्हाळाभर सुकू द्या. मग चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्या. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळाला नाही, तर निदान एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू असा मऊ मसाला सांगा. वर चुन्याची सफेदी. प्लॅस्टिक रंग हवाच असेल तर तो कोरड्या, सिमेंटच्या आतल्या भिंतींना द्या. तिथे तो छान टिकतो. कळीचा चुना विरवताना मात्र मुलांना दूर ठेवा. उडालेला थेंब डोळ्याला जाळतो.

फरशीविषयी माझे मत ठाम आहे. मोझेक मळकट दिसते म्हणून उखडू नका. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी मिसळून दाबलेली ही लादी, तिचा रंग वरवरचा नसतो, थरभर असतो. मशीनने पुन्हा घासली की खाली तोच ठिपका ताजा निघतो. एखाद-दुसरी फुटली असेल तर पलंगाखालची किंवा कपाटामागची काढून पुढे बसवा. आणि एक लक्षात ठेवा, मोझेकवर तेजाब कधीही ओतू नका. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही तेजाबाने खाल्ले जातात. शहाबादी फरशीचेही तेच, कारण तीही चुनखडीचाच दगड. भिंगातून पाहिले तर लिंबाच्या थेंबाने तिच्यावर बारीक बुडबुडे येतात.

जुनीवर नवी लादी चिकटवणेही सोपे वाटते. पण वजन वाढते, दारे खालून तासावी लागतात, उंबरठा बुडतो आणि म्हाताऱ्या माणसाला खोलीखोलीत ठेच लागते. नव्या लादीला माझा विरोध नाही. ती पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून मोरीत आणि ओट्यामागे तीच योग्य. फक्त मोरीत खाली खरखरीत घ्या, चकचकीत नको.

सागवानी चौकटी तर काढूच नका. तेवढ्या जुन्या, पक्क्या लाकडाला आज किती पैसे पडतील ते वखारीत विचारा. बिजागऱ्या बदला, तळ कुजला असेल तर तेवढाच तुकडा जोडा, वर जवसाचे तेल द्या. सिमेंटची जाळी बंद करून काच बसवली की जिन्यातला वारा गेलाच; डास येतात म्हणत असाल तर आतून बारीक तारेची जाळी लावा.

दोन गोष्टींना मात्र जपून हात लावा. मागच्या पडवीवरचे सिमेंटचे पन्हाळी पत्रे त्या काळचे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस आहे. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर पुढे कर्करोग होऊ शकतो. ते कापू नका, भोके पाडू नका. काढायचेच तर पाण्याने भिजवून अखंड उतरवा. दुसरे म्हणजे दारा-खिडक्यांचा जुना तैलरंग. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे बरेच असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते बाधते. असा रंग कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. ओला करून खरवडा, खाली कागद अंथरा, पडलेले पापुद्रे गोळा करून बांधा, आणि काम चालू असेतो मुलांना आजोळी पाठवा.