चोवीसच्या रात्री जर्मनी घरी असते!

ग्रुपमधला एक जण जर्मनीत मास्टर्स करतोय. बाकीच्यांनी पैसे साठवलेत. मग ठरलं, यंदाचा ख्रिसमस तिकडेच! डोक्यात चित्रही पक्कं आहे: बर्फ, लायटिंग आणि २४ डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर जल्लोष. यातली लायटिंग मिळेल. बर्फाची गॅरंटी नाही. आणि जल्लोषाचं म्हणाल, तर त्या रात्री रस्त्यावर कदाचित तुम्हीच असाल.

कारण तिकडे नाताळ हा मुळात घरात साजरा करायचा सण आहे. लक्ष्मीपूजनाच्या वेळी आपल्याकडे सगळे कसे घराकडे पळतात, तसंच. २४ तारखेला दुकानं दुपारी दोनपर्यंत शटर ओढतात. २५ आणि २६ या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी. त्याला लागून रविवार आला, तर दुकानं तिसऱ्या दिवशीही बंद. ‘रात्री काहीतरी मागवू’ हा आपला हुकमी उपाय तिथे चालेलच असं नाही.

मग फोटोंमधली ती गर्दी कुठली? ती ख्रिसमस मार्केटची, म्हणजे सणाच्या आधीच्या चार आठवड्यांतली. ड्रेस्डेनचं मार्केट १४३४ पासून भरतंय. न्यूर्नबर्गला मुख्य चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांचे स्टॉल लागतात. आल्याच्या चवीचा लेबकुखन आणि भाजलेले बदाम तिथेच खायचे. गरम पेयाच्या मगसाठी वेगळं डिपॉझिट घेतात. मग परत केला की पैसे परत, नाहीतर तीच आठवण म्हणून बॅगेत. मात्र ही दोन्ही मार्केट २४ तारखेला आवरतात. त्यामुळे २५ला पोहोचणारं स्वस्त तिकीट दिसलं, तरी हात आवरा. निदान २०-२१ला तिथे असा.

आणि २४ची संध्याकाळ? साडेचारच्या आतच अंधार पडायला लागतो. तेव्हा किचन असलेलं हॉस्टेल आधीच बुक करा आणि २३लाच किराणा भरा. अनेक जर्मन घरांत त्या रात्रीचा बेत अगदी साधा असतो, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. व्हेज मंडळींनी सॅलडवर ताव मारावा, सोबत इथून नेलेल्या मसाल्याची पावभाजी. गिफ्टही तिकडे २४च्या संध्याकाळीच उघडतात. दहा युरोंची मर्यादा ठेवून चिठ्ठ्या टाका. खिशाला झेपेल आणि धमालही येईल.

जेवण झालं की जवळच्या चर्चमध्ये जा. प्रार्थनेला कुणीही बसू शकतं, तिकीट नसतं. पण जागा लवकर भरते, म्हणून आधी पोहोचा. कॅथलिक चर्चमध्ये लोक कम्युनियनसाठी पुढे गेले, की तुम्ही शांतपणे जागेवर बसून राहिलात तरी चालतं. रील मात्र नको. शेजारचा माणूस प्रार्थना करत असतो, तो तुमच्या व्हिडिओचा बॅकग्राउंड नसतो. बऱ्याच ठिकाणी शेवटी दिवे मंद करून ‘सायलेंट नाइट’ गातात. हे गाणं मूळचं शेजारच्या ऑस्ट्रियातलं. ते पहिल्यांदा गायलं गेलं १८१८च्या ख्रिसमस इव्हलाच. शब्द कळले नाहीत तरी चाल ओळखीची निघेल.

आता थोडं तिथे शिकणाऱ्या त्या मित्राबद्दल. त्याचे जर्मन रूममेट्स सुट्टीत आपापल्या घरी जातात. मजल्यावर शुकशुकाट, बाहेर सगळं बंद, आणि घरी फोन केला तर आई विचारणार, ‘जेवलास का?’ त्याच्यासाठी तुमचं येणं म्हणजेच सण. म्हणून ‘अजून एक शहर करू’ म्हणत चोवीसची रात्र ट्रेनमध्ये घालवू नका. त्याच्या किचनमध्ये बटाटे सोलायला बसा.

कुणी घरी बोलावलंच, तर ते आमंत्रण मोठं समजा. वेळेवर जा, छोटीशी भेट न्या आणि दारातच म्हणा, ‘फ्रोहे वाइनाख्टन!’

आणि हो, शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरला जायचंय ना? मग कामाला लागा!