पावसाआधी गावाकडचे घर: वाळवी, उंदीर आणि गळती

आपल्यापैकी अनेकांची गुंजीतली किंवा आसपासच्या गावांतली घरे वर्षातले बरेच महिने बंद असतात, नाहीतर तिथे फक्त आई-वडील असतात. मुले नोकरीनिमित्त बेळगाव, गोवा, पुण्याकडे स्थायिक झालेली. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे एकत्र येतात आणि त्याच आठ-दहा दिवसांत घराची डागडुजी उरकायची असते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो हे आपल्याला सांगायला नको. मिरगाला जे राहून गेले ते दसऱ्यापर्यंत हाती लागत नाही. म्हणून या लेखात घरच्या घरी करता येण्याजोगी कामे, कोणत्या क्रमाने करावीत त्यासह देत आहोत.

क्रम महत्त्वाचा आहे. घरात वाळवी दिसली की आपण आधी औषध आणायला धावतो. पण वाळवी, झुरळे, गोम, कसर या सगळ्यांना ओल लागते. गळके कौल आणि टपकणारा नळ तसाच ठेवून औषध मारले, तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून आधी पाणी थांबवा, मग भोके बुजवा, मग खाणे झाका, आणि औषध सगळ्यात शेवटी.

कौले

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांवर मंगळुरी कौले आहेत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली अशा कौलांचा कारखाना काढला. पुढे ती सगळ्या किनारपट्टीवर आणि घाटमाथ्यावर पसरली. या कौलांना खाचा असतात आणि ती एकमेकांत अडकतात. त्यामुळे एखादे मोडले तर तेवढेच बदलता येते.

भर दुपारी घरात दिवे बंद करून वर बघा. जिथे उन्हाचा कवडसा दिसेल तिथे फट आहे. तिथे खालून खडूने वाशावर खूण करा. एक लक्षात ठेवा, पाणी जिथे टपकते तिथेच कौल फुटलेले असते असे नाही. ते वाशावरून घरंगळत खाली येते, म्हणून डागापासून वरच्या बाजूला शोधत जा. वरच्या ओळीतले कौल थोडे वर सरकवले की मोडलेले कौल काढून नवे बसवता येते. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते, म्हणून दुकानात जाताना जुने कौल सोबत न्या. आढ्यावरच्या कौलांचा सिमेंट-वाळूचा सांधा तडकला असेल तर तोही याच वेळी भरून घ्या.

छपरावर एकट्याने चढू नका. शेवाळलेल्या किंवा ओल्या कौलांवर तर मुळीच नको. पाय वाशाच्या रेषेवर पडला पाहिजे, दोन वाशांच्या मध्ये नाही. आडवी फळी टाकून तिच्यावर बसणे अधिक बरे. साठी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांनी खाली उभे राहून कौल कुठले ते दाखवावे, वर जाऊ नये. माकडांनी कौले हलवली म्हणून लगेच शिडी लावणारे अनेक ज्येष्ठ आपल्या गावांत आहेत. हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

वाळवी

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे किडे जमतात आणि सकाळी जमिनीवर पंखांचा सडा पडतो. ती वाळवीच असते, नवे वारूळ वसवायला निघालेली. लाकूड खाणारी वाळवी मात्र जमिनीतून वर चढते. तिचे अंग नाजूक असते, कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधत भिंतीवरून चौकटीपर्यंत जाते.

ही नळी दिसली की सगळी झाडून टाकू नका. मधला बोटभर भाग मोडा आणि चार-पाच दिवसांनी बघा. पुन्हा बांधली गेली असेल तर वाळवी चालू आहे. चौकट आणि वासे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर आतून खाल्ले आहे. लाकडात बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर तो भुंगा, वाळवी नव्हे. त्याचा उपाय वेगळा आहे.

घरी करण्यासारखे काम म्हणजे वाळवीचा पूल तोडणे. परड्यात भिंतीला टेकवून रचलेली जळाऊ लाकडे हलवा. भिंतीलगतची माती व पालापाचोळा ओढून काढा. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायात न मुरता लांब जाईल असा उतार करा. नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी पद्धत चांगली आहे. मात्र त्याने कातडी भाजते, हातमोजे घाला. नळीवर रॉकेल ओतल्याने समोरचे किडे मरतात, जमिनीतली राणी तशीच राहते. शिवाय आगीची भीती असतेच.

वाळवी पसरली असेल तर परवाना असलेल्या माणसाला बोलवा आणि त्याचे काम नीट बघा. बांधलेल्या घरासाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ६३१३, भाग ३) जमिनीत भिंतीलगत सुमारे फुटा-फुटावर छिद्रे पाडून औषध मुरवायचे असते, एका छिद्रात जास्तीत जास्त १ लिटर. नुसता वरून फवारा मारून जाणाऱ्याचे काम टिकत नाही. आणि विहीर घराला लागून असेल तर ते आधी सांगा. विहिरीजवळ हे औषध मुरवू देऊ नका.

उंदीर आणि भात

मळणीनंतर भात घरात आले की उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे साप येतो. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश कधी कधी कळतही नाही. म्हणून उंदरांचा बंदोबस्त केवळ धान्याचा प्रश्न नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. दंशाची शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

लहान उंदीर करंगळीएवढ्या भोकातून आत येतो. अशी भोके भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंटने बुजवा. मोरीच्या तोंडाला जाळी लावा. भात चांगले वाळवा. दाण्याला चावल्यावर कट्ट आवाज आला पाहिजे. पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर ठेवा. पिंजरा भिंतीच्या कडेने लावा, कारण उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही. आमिषाला भाजलेले सुके खोबरे उत्तम. पहिले दोन दिवस दार न उचलता नुसते आमिष ठेवा, तिसऱ्या दिवशी पिंजरा लावा. चिचुंद्री मात्र उंदीर नाही. ती किडे खाते, तिला जाऊ द्या.

मोरी आणि नळ

झुरळांचे मूळ बहुधा टपकत्या नळाखाली सापडते. टाकीचा कॉक बंद करा, नळाची मुठी पान्याने उघडा, झिजलेला वायसर काढून नवा घाला. काम दहा मिनिटांचे आहे. मग बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या करून सिलिंडरच्या मागे, कपाटाच्या फटीत ठेवा. मुले आणि मांजर पोहोचणार नाही हे पाहा. पिंप, कुंड्या, नारळाच्या करवंट्या यांतले पाणी आठवड्यातून एकदा ओता. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

ओल आलेल्या भिंतीतल्या बटणांना हात लावू नका. ते काम वायरमनचे. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्या.

दोन विषे घरात नकोत

धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. ओल लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेले कुटुंब त्याने दगावू शकते. दुसरे म्हणजे पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारायची पेस्ट. ती टूथपेस्टसारखी दिसते. पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होते. दोन्हींवर उतारा नाही. माळ्यावर अशी जुनी पाकिटे असतील तर या सुट्टीत ती शोधून मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि विल्हेवाट कशी लावायची ते कृषी खात्याच्या कार्यालयात विचारा. कोणतेही औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका.

सुट्टीत सगळे जमाल तेव्हा कामे वाटून घ्या. तरुणांनी छप्पर आणि परडे बघावे, मुलांनी कवडसे शोधावेत. वडीलधाऱ्यांना मागच्या पावसात पाणी कुठून शिरले ते नेमके ठाऊक असते, तेव्हा सुरुवात त्यांना विचारून करा. परतण्यापूर्वी जवळच्या दवाखान्याचा आणि वायरमनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.