दुचाकीची राखण

‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यानपिढ्या आहे. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावावयाचे काटक्याकुटक्यांचे दार. बैल चोरीस गेल्यावर ते दार बांधण्यास बसणाऱ्या शेतकऱ्याची ही थट्टा आहे. पण तिच्यात थट्टेपेक्षा हळहळ अधिक आहे. बैल गेला म्हणजे पेरणी अडे, आणि पेरणी अडली म्हणजे वर्ष बुडे. आज हे बैलाचे स्थान अनेक घरांत मोटारसायकलीने घेतले आहे. दूधवाला, गवंडी, औषधांचा विक्रेता, पाळीवर जाणारा कामगार या सर्वांची रोजी तिच्या दोन चाकांवर चालते. झोप्याचा प्रश्न मात्र जुनाच राहिला आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास लखनौजवळचे अमौसी हे ठिकाण मोठे बोलके आहे. लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव लागते. येथील विमानतळास २००८ साली चौधरी चरणसिंग यांचे नाव देण्यात आले, तरी लोकांच्या बोलण्यात तो अमौसीचा विमानतळच राहिला. याच रस्त्यावर पुढे सरोजिनीनगर येथे ‘स्कूटर्स इंडिया’ हा सरकारी कारखाना उभा होता. १९७२ साली स्थापन झालेल्या या कंपनीने मिलानच्या इनोसेंती कंपनीची लँब्रेटा स्कूटर बनविण्याची यंत्रसामग्री विकत घेतली आणि ‘विजय सुपर’सारख्या गाड्या रस्त्यावर आणल्या. त्यापूर्वी लँब्रेटा मुंबईत भांडुपच्या कारखान्यात तयार होत असे. त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळालेली गाडी मग घरातील माणसासारखी जपली जाई. रात्री ती ओसरीवर वा जिन्याखाली घेतली जाई. येथील दुचाकींचे उत्पादन १९९७ साली थांबले आणि २०२१ साली कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला.

आता गाडी मिळण्यास वाट पाहावी लागत नाही; ती ठेवण्यास मात्र जागा मिळत नाही. अमौसीस रेल्वेचे स्थानक आहे, आणि २०१९ पासून विमानतळाहून मुन्शीपुलियापर्यंत धावणाऱ्या मेट्रोचेही आहे. अशा ठिकाणी माणूस सकाळी गाडी उभी करून जातो तो संध्याकाळीच परततो. कल्याण, पनवेल, नाशिकरोड वा पुणे स्थानकाबाहेरचे दृश्य याहून वेगळे नाही. आठ-दहा तास ती गाडी मालकाच्या नजरेआड, शेकडो गाड्यांच्या गर्दीत उभी असते. त्या गर्दीत कोण कोणाची गाडी बाहेर काढीत आहे, याकडे कोणाचेच लक्ष नसते. जी गर्दी मालकाला सुरक्षित वाटते, तीच चोराला सोयीची असते.

येथे चोराची दृष्टी समजून घेतली पाहिजे. कोणतेही कुलूप कायमचे अभेद्य नसते. पुरेसा वेळ आणि हत्यारे मिळाली तर लोखंडही तुटते. परंतु चोराजवळ सर्वांत कमी असतो तो वेळच. जे काम क्षणात उरकते ते तो करतो. ज्यास काही मिनिटे लागतात, आवाज होतो, वाकून खटपट करावी लागते, ते सोडून तो शेजारच्या गाडीकडे वळतो. म्हणून कुलपाचे खरे कार्य चोराचा वेळ खाणे हे आहे, आणि हा वेळ उपयोगी पडावयाचा तर तेवढ्यात कोणाची तरी नजर तिकडे जावयास हवी. लोखंड आणि नजर ही राखणीची दोन अंगे आहेत. एकावाचून दुसरे अधुरे राहते.

प्रथम लोखंडाचा विचार करू. गाडीबरोबर येणारे हँडलचे कुलूप हा पहिला अडसर होय. हँडल एका बाजूस वळवून किल्ली फिरविली म्हणजे आतील खिटी खाचेत बसते आणि गाडी सरळ ढकलता येत नाही. हे कुलूप लावण्यास क्षणभर पुरतो. तरीही ‘आत्ता येतोच’ म्हणून ते न लावता जाणारे पुष्कळ. परंतु ही खिटी लहान असते, जोराच्या हिसक्यापुढे ती टिकेलच असे नाही. शिवाय जुन्या गाडीची किल्ली आणि कुलपातील पत्र्या वर्षानुवर्षांच्या वापराने झिजतात, आणि मग भलत्याच किल्लीनेही कुलूप फिरू लागते. आपली किल्ली कुलपात सैल फिरते असे आढळल्यास कुलूप बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. कित्येक नव्या गाड्यांच्या किल्लीत एक सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक खूण असते. ती ओळखल्यावाचून इंजिन चालूच होत नाही. मात्र अशी गाडीही दोघे-तिघे मिळून उचलून टेंपोत घालू शकतात.

म्हणून दुसरे कुलूप हवे. पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या तबकडीत अडकविण्याचे कुलूप लहान, स्वस्त आणि खिशात मावणारे असते. हात लागताच कर्णकर्कश आवाज करणारेही मिळते. त्याचा एक दोष म्हणजे विसराळू मालकच ते न काढता गाडी हाकतो आणि पडतो. यासाठी त्या कुलपापासून हँडलपर्यंत एक रंगीत दोरी बांधून ठेवण्याची रीत आहे. याहून भरवशाची ती जाड, कठीण पोलादाची साखळी. ती वापरण्याचे दोन नियम आहेत. एक, साखळी नुसती चाकात न गुंफता जमिनीत पुरलेल्या खांबाला वा भिंतीतील कडीला बांधावी, म्हणजे गाडी उचलून नेता येत नाही. दुसरा, साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. फरशीचा आधार मिळाला की तिच्यावर घण घालणे वा कातर दाबणे सोपे होते. उपग्रहाच्या साहाय्याने गाडीचा ठावठिकाणा मोबाइलवर कळविणारे यंत्रही आता मिळते. ते चोरी टाळीत नाही, माग दाखविते. तो माग घेऊन स्वतः चोरापाठी न धावता पोलिसांस सांगावा, हेच शहाणपणाचे.

आता नजरेचा विचार. गाडी दिव्याखाली, दुकानाच्या वा पहारेकऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात उभी करावी. पैसे देऊन ठेवण्याची जागा असेल तेथे चार रुपये वाचविण्यासाठी रस्त्याच्या कडेस गाडी लावू नये. आणि मिळालेली पावती गाडीच्याच डिकीत न ठेवता खिशात ठेवावी. पावतीवर पुष्कळदा ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते. त्या ओळीने सगळी जबाबदारी झटकता येतेच असे नाही. दिल्लीच्या एका हॉटेलात १९९८ साली गाडी लावण्यासाठी पाहुण्याने किल्ली नोकराच्या हाती दिली आणि गाडी चोरीस गेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असे ठरविले की, किल्ली आणि गाडी ताब्यात घेणाऱ्यावर ती जपण्याचे कर्तव्य येते, आणि त्याच्या हयगयीने गाडी गेली असेल तर छापील ओळीआड त्यास लपता येत नाही.

नजर चुकते ती बहुधा किल्लीपाशी. पानाच्या टपरीसमोर किल्ली तशीच ठेवून उतरणारा मनुष्य चोराचे निम्मे काम स्वतः करून ठेवतो. जुनी गाडी विकताना ‘एक चक्कर मारून पाहतो’ म्हणणाऱ्या अनोळखी ग्राहकाच्या हाती ती एकटी देणे, हाही गाडी गमावण्याचा एक मार्ग आहे. असा ग्राहक आला तर प्रथम त्याचे ओळखपत्र पाहावे आणि स्वतः मागे बसून जावे.

इतके करूनही गाडी गेली, तर तिसरे कुलूप उपयोगी पडते. ते कागदाचे असते. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर, बहुधा हँडलखालील नळीवर, सतरा अक्षरांचा व अंकांचा एक क्रमांक ठोकलेला असतो. शून्य आणि एक या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरीत नाहीत. इंजिनाचा क्रमांक निराळा असतो. हे दोन्ही क्रमांक, नोंदणीपत्राची प्रत आणि गाडीचे छायाचित्र घरी जपून ठेवावे. कारण नंबरपाटी बदलणे चोरास सर्वांत सोपे. तेही अवघड व्हावे म्हणून १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांस अतिसुरक्षित पाटी लावलेली येते. तिच्यावर अशोकचक्राची चकाकती मुद्रा आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती अशा कुलपाने बसविलेली असते की मोडल्यावाचून निघत नाही. महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या गाड्यांसही ही पाटी बंधनकारक करण्यात आली आहे.

कागदाचाच दुसरा भाग म्हणजे विमा, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. कायद्याने सक्तीचा आहे तो त्रयस्थाचा विमा. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा झाली तर तो उपयोगी पडतो, आपली गाडी चोरीस गेली तर त्यातून एक पैही मिळत नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर हा त्रयस्थाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे ‘पाच वर्षे काळजी नाही’ असे मालकास वाटते. वस्तुतः चोरीची भरपाई देणारा भाग त्यात अनेकदा पहिल्या एकाच वर्षापुरता असतो. तो पुढे दरवर्षी वेगळा चालू ठेवावा लागतो. भरपाईही गाडीच्या वयाप्रमाणे कमी होते. दोन वर्षे उलटलेल्या गाडीची किंमत धरताना तिसऱ्या वर्षी तीस टक्के वजा होतात; म्हणजे नव्वद हजारांच्या गाडीचे त्रेसष्ट हजार. गाडी कर्जावर असेल तर त्यातून प्रथम सावकारी संस्थेचे देणे फिटते. विमा नसेल तर गाडी गेली तरी हप्ता राहतो. दारात काही नाही आणि दर महिन्यास पैसे मात्र भरावयाचे, अशी कठीण अवस्था होते.

चोरी उघडकीस येताच प्रथम ११२ या क्रमांकावर कळवावे आणि पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवावी. हद्दीची सबब सांगून ती नाकारता येत नाही; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हे स्पष्ट आहे. त्यानंतर विमा कंपनीस, कर्ज देणाऱ्या संस्थेस आणि परिवहन कार्यालयास लेखी कळवावे. ट्रॅक्टर चोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले की, पोलिसांत ताबडतोब फिर्याद दिली असेल तर केवळ विमा कंपनीस उशिरा कळविले म्हणून दावा फेटाळता येत नाही. तरीही उशीर करू नये. कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. एक हरवली असेल तर तिचा खुलासा द्यावा लागतो. तपास लागला नाही तर पोलिसांचा तसा अहवाल, ज्यास महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात, दाव्यासाठी लागतो. फिर्यादीचे आणखी एक महत्त्व आहे. चोरलेली गाडी उद्या एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली, तर त्या वेळी ती आपल्या हाती नव्हती याचा पुरावा तोच कागद असतो.

राहिली एक गोष्ट, आणि ती मालकापेक्षा समाजाची आहे. चोर गाडी स्वतःसाठी क्वचितच चोरतो. ती घेणारा कोणीतरी असतो. ‘कागद नाहीत, म्हणून स्वस्त’ असे ऐकून जो आनंदाने पैसे मोजतो, तो पुढच्या चोरीची उचल देत असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा चोरीसारखाच गुन्हा आहे. दोहोंस तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुनी गाडी घेताना नोंदणीपत्रावरील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. ती चोरीची म्हणून नोंदली आहे काय, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या संगणकीय सेवेवरून तपासता येते.

संध्याकाळी अमौसीच्या स्थानकावर गाडी थांबते, माणसे जिना उतरतात, आणि प्रत्येकाचा हात नकळत खिशातील किल्लीकडे जातो. त्या क्षणी गाडी जागेवर असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे ती नसलेल्यालाच कळते. सकाळी हँडल वळवून कुलूप लावण्यास क्षण गेला होता, साखळी खांबाला बांधण्यास आणखी एक मिनिट. बैल गोठ्यात असतानाच बांधलेला झोपा तो एवढाच.