सिलिकॉनच्या स्फटिकाची मान

दोऱ्याला तुरटीचा खडा बांधून तो संपृक्त द्रावणात वाढवण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. चिपसाठी लागणारा सिलिकॉनचा स्फटिकही असाच एका लहान बीज-स्फटिकावर वाढतो. मात्र तेथे द्रावणाऐवजी १४१४ अंश सेल्सिअसला वितळणारा सिलिकॉन असतो. ही रीत १९१६ साली पोलिश शास्त्रज्ञ यान चोख्राल्स्की यांना बर्लिनमध्ये सापडली. त्यांचा टाक दौतीऐवजी वितळलेल्या कथिलात बुडाला, असे सांगतात!

बीज द्रवाला टेकवायचे आणि फिरवत सावकाश, मिनिटाला सुमारे एक मिलिमीटर, वर ओढायचे. पण टेकताक्षणी बीजाला उष्णतेचा धक्का बसतो, अणूंच्या रांगा विस्कटतात आणि हा दोष नव्या स्फटिकातही उतरतो. असा स्फटिक चिपसाठी निरुपयोगी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डॅश यांनी यावर उपाय काढला. प्रथम बीज भरभर ओढून जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची मान करायची. दोष तिरके सरकत जातात. मान बारीक असल्याने ते लवकरच तिच्या पृष्ठभागाशी पोचून संपतात. मग वेग कमी केला, की स्फटिक रुंदावत जातो.

शेवटी ३० सेंटिमीटर व्यासाचा, शंभर किलोहून जड दंडगोल त्याच मानेला लोंबतो. मान जाड ठेवावी तर दोष उरण्याची भीती, फार बारीक करावी तर ती तुटण्याची.