खुब्याचा सांधा बदलल्यानंतर : केंद्रात की घरी?

खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला इंग्लंडचे जॉन चार्न्ली यांनी १९६२ च्या सुमारास आजचे रूप दिले. आता ती आपल्या कुटुंबांतूनही नवलाची राहिलेली नाही. तिचा खर्च सारेच विचारतात. पुढील दोन-तीन महिन्यांचा विचार मात्र बहुधा रुग्णालयातून निघण्याच्या दिवशी सुरू होतो. पुनर्वसन केंद्रात ठेवले नाही तर आपण वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला, अशी टोचणीही मुलांना लागते.

ही टोचणी अनाठायी आहे, असे आम्हांस वाटते. कॅनडातील टोरँटो येथे खुब्याचा अथवा गुडघ्याचा सांधा बदललेल्या २३४ रुग्णांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट करण्यात आले. एक गट केंद्रात सरासरी सुमारे १८ दिवस राहिला. दुसरा घरी गेला व त्याच्याकडे फिजिओथेरपिस्टच्या सरासरी आठ फेऱ्या झाल्या. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षअखेर वेदना व हालचाल यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. खर्च मात्र पहिल्या गटात दर रुग्णामागे सुमारे साडेचौदा हजार कॅनेडियन डॉलर, तर दुसऱ्यात सुमारे अकरा हजार.

तथापि घरचा मार्ग स्वस्त म्हणताना आपण एक रक्कम मांडतच नाही. रात्री दोनदा उठून आधार देणारी सून किंवा सत्तरीतील पत्नी हिच्या श्रमांची कोणी पावती फाडत नाही. पहिले पंधरा दिवस मदतनीस ठेवावा; केंद्राच्या मानाने हा खर्च बहुधा थोडाच असतो.

घरही सज्ज हवे. पाटावर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे, खाली वाकून वस्तू उचलणे यांमुळे नवा सांधा निखळण्याचा धोका असतो. ही बंधने किती दिवस पाळायची, हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर अवलंबून असल्याने डॉक्टरांनाच विचारावे. उंच खुर्ची, कमोड आणि वॉकर आधीच आणावेत. वॉकर भाड्यानेही मिळतो. पोटरी सुजली, दम लागला, ताप आला वा जखम पाझरू लागली, तर फिजिओथेरपिस्टच्या फेरीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एकटे राहणारे, स्मृतिभ्रंश झालेले किंवा पडून खुबा मोडलेले वृद्ध यांची गोष्ट निराळी. टोरँटोची परीक्षा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांची होती. या मंडळींना केंद्राची खरी गरज असू शकते.

आणखी एक. व्यायामाचा कागद बहुधा इंग्रजीत अथवा स्थानिक भाषेत मिळतो. आजींना तो वाचता येत नसेल, तर घरातील शाळकरी नातवाकडून मराठीत मोठ्या अक्षरांत लिहवून घ्यावा व पलंगासमोर लावावा.